न तुटणारा टॉगल आम्ही विकत नाही
(जॉ क्रशर, म्हणजे जबड्यात दगड फोडणारं मशीन, चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जॉ प्लेट, म्हणजे जबड्याला बसवायची झिजणारी प्लेट, न्यायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता हमखास सांगतं, "या वेळी टॉगल जाड द्या, परत तुटायला नको." आम्ही नाही म्हणतो. काही जण मग रागावून फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड लोखंडी प्लेट कापून आणतात. त्यांच्यासाठीच हा कागद छापला आहे.

टॉगल म्हणजे क्रशरचा फ्यूज. हलत्या जबड्याला मागून रेटा देणारी ही बिडाची प्लेट मुद्दामच बाकीच्या मशीनपेक्षा कमजोर ठेवलेली असते. डबराबरोबर पोकलेनच्या बकेटचा दात आला, तर जबड्याला तो फुटत नाही, आणि मग कुठेतरी काहीतरी तुटणारच. टॉगल तुटला तर काही तासांचं काम. टॉगल तुटलाच नाही, तर जबडा हलवणारा एक्सेंट्रिक शाफ्ट, बेअरिंग किंवा बॉडी जाते, आणि जवळ उभ्या माणसाच्या अंगावर काय उडेल याचा नेम नाही. टॉगल वारंवार तुटत असेल तर कारण शोधा. जबड्याचा खालचा गॅप, म्हणजे माल पडायची फट, फार आवळला आहे का? खालचा माल वाहणारा पट्टा बंद पडून माल तुंबतोय का? जबड्यात दगड ढकलणाऱ्या फीडरवर लोखंड येतंय का?

लाईट गेल्यावर

मशीन सुरळीत चालू असताना जबड्याजवळ सहसा कोणी जात नाही. भीती असते. खरा घात होतो तो मशीन अडकल्यावर. आपल्याकडे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लाईट जाणं. जबडा भरलेला, फ्लायव्हील (बाजूचं जड चाक) थांबलेलं, ट्रक खोळंबलेले. अशा वेळी कोणीतरी पहार घेऊन जबड्यात उतरतो आणि तेवढ्यात "लाईट आली!" म्हणून दुसरा स्टार्टर दाबतो.

म्हणून आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घाला. किल्ली जो काम करणार त्याच्या खिशात, मुकादमाच्या टेबलावर नको. दोघे काम करणार असतील तर दोन कुलपं. मग फ्लायव्हीलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारा, कारण दगड सुटला की लाईट नसतानाही ते फिरू शकतं. दगड वरून हूक आणि साखळीने काढायचा, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. दाबात बसलेला दगड सुटताना बंदुकीच्या गोळीसारखा येतो. घण मारू नका. सुरुंगाच्या कांडीचा विचारही नको.

उतरल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर आधी हॉपरमधला (दगड ओततात त्या पेटीतला) माल घसरणार नाही याची खात्री करा, सेफ्टी बेल्ट बांधा आणि एक माणूस नुसता लक्ष ठेवायला वर उभा करा. चालू करण्याआधी पाचरी काढा आणि जबडा पूर्ण रिकामा करा. भरल्या जबड्यावर स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला तर मोटरचे बेल्ट घसरतात, मोटर जळते.

एरवी बंद करताना आधी फीडर, जबडा रिकामा झाला की क्रशर, शेवटी पट्टे. चालू करताना याच्या बरोबर उलट. आणि दगड तोंडाच्या मापाचा घाला: 16 बाय 9 इंच तोंडाच्या मशीनला 7 इंचांपेक्षा मोठा दगड नको. तो वर नाचत राहतो आणि मग पहार घेऊन कोणीतरी वाकतोच.

प्लेट बदलताना

आमची जॉ प्लेट मँगनीज स्टीलची असते. दगडाचा मार खाऊन तिचा पृष्ठभाग आणखी कडक होतो, त्यामुळे वापरलेल्या प्लेटवर हातोडा मारला की कपची उडते आणि ती नेमकी डोळ्याकडेच येते. गॉगल लावा. उचलायला म्हणून प्लेटला वेल्डिंगने कडी लावू नका. जास्त तापलं की मँगनीज ठिसूळ होतं आणि कडी प्लेटचा तुकडा घेऊन निघते. मूळ भोकं किंवा उचलायचा पट्टा वापरा.

पट्ट्याच्या शेपटाकडच्या पुलीवरचा चिखल पट्टा चालू असताना खरवडू नका. हात बाहेर ओढण्याइतका वेळ मिळत नाही. खांद्यावरचा टॉवेल, पदर, सैल बाही, सगळ्यांना हाच नियम. साईटवर राहणारी मुलं मशीनपासून लांब ठेवा.

धुळीचं थोडक्यात: सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात फुप्फुसांना घातक असलेली स्फटिक सिलिका कमी, क्वार्ट्झच्या दगडात भरपूर. पाण्याचे फवारे आणि चांगला मास्क मात्र दोन्हीकडे हवेत. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही.

टॉगल तुटला तर भंगारात टाकू नका. दोन्ही तुकडे घेऊन दुकानात या. मधोमध सरळ तुटलाय की एका कडेने, यावरून टॉगल टेकतो ती बैठक एकीकडे झिजली आहे का याचा अंदाज येतो. तसं असेल तर आधी बैठक बदलू, नवा टॉगल त्यानंतर.