पवनचक्क्या आणि शेजारची गावे

पवनचक्क्या आणि शेजारची गावे : पवनऊर्जा प्रकल्पांच्या आसपास राहणाऱ्या लोकांच्या तक्रारी, शंका आणि मागण्यांविषयीची ही नोंद आहे. युरोप-अमेरिकेत हा वाद प्रामुख्याने आवाजाचा, फिरत्या सावलीचा आणि बिघडलेल्या देखाव्याचा असतो. महाराष्ट्रात मात्र तो आधी जमिनीचा, मग रस्त्याचा आणि पावसाचा. आवाजाचा नंबर बराच खाली लागतो. इथे ज्याला पवनचक्की किंवा नुसता ‘पंखा’ म्हणतात त्याने दळण दळले जात नाही, वीज तयार होते. ती वीज गावावरून निघून जाते, हीच बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे.

देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प १९८६ च्या सुमारास उभे राहिले आणि त्यांतला एक रत्नागिरीचा होता. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोयनेच्या शिवसागर जलाशयावरचा वनकुसवड्याचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळी पठार, आणि ठोसेघरजवळचे चाळकेवाडीचे पठार पंख्यांनी भरून गेले. त्यानंतर धुळे जिल्ह्यात साक्री तालुका व ब्राह्मणवेल, सांगलीत ढालगावचा पट्टा, नगर जिल्ह्यात सुप्याजवळचा कवड्या डोंगर असा हा विस्तार झाला. गेल्या काही वर्षांत उंच मनोऱ्यांची नवी यंत्रे बीड, धाराशिव आणि लातूरकडे सरकली आहेत. राज्याची पवनऊर्जेची क्षमता आज सुमारे ५,००० मेगावॅट आहे.

जमिनीचा प्रश्न प्रत्येक भागात वेगळा. साताऱ्याच्या सड्यावरची जमीन कागदोपत्री पडीक किंवा वरकस. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यात नाचणी-वरी आणि बाकी गुरांची चराई. अशा जमिनीला भाव तो काय असणार? एजंट आले, व्यवहार झाले, आणि त्याच माळावर कोट्यवधींची यंत्रे उभी राहिल्यावर विकणाऱ्याला आपण काय विकले ते कळले. त्यात पाटण-जावळीकडचे सातबारे सामाईक. डझनभर नावे आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबईत माथाडी कामावर. गावात असलेल्या एकाने सही केली की बाकीच्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालतो. कुळकायद्याच्या कलम ६३-१अ प्रमाणे खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते, त्यामुळे खरेदीला कायद्याची आडकाठी फारशी नव्हती. आदिवासींच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ चे संरक्षण आहे. पण साक्री-नंदुरबारकडे वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्याच्या हाती सातबाराच नसतो, मग संरक्षण कशाला मिळणार?

मराठवाड्यातला ताजा झगडा मनोऱ्यापेक्षा तारांचा आहे. पंखा एकाच्या शेतात उभा राहतो, वीज वाहून नेणारे खांब मात्र वीस जणांच्या शेतातून जातात. पंख्याच्या जागेचे पैसे ठरवून मिळतात. तारेखालच्या जमिनीचा मावेजा किती, यावर रोजची भांडणे होतात. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६४ खाली शासन एखाद्या वीज प्रकल्पाला तारायंत्र कायदा, १८८५ मधले अधिकार देऊ शकते. ते मिळाले की जमीन संपादित न करता खांब रोवता येतात आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त नुकसानभरपाईचा दावा उरतो. तारायंत्राच्या तारांसाठी केलेला कायदा आज पवनचक्कीवाल्यांच्या कामी येतो, ही गंमत शेतकऱ्याला कळते, आवडत नाही. जमीन मिळवून देणारे, मुरूम आणि क्रेन पुरवणारे, रखवालीचा ठेका घेणारे अशी एक मधली फळीही या धंद्याबरोबर गावात येते. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी त्याचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात म्हटले. त्यानंतर ‘पवनचक्की आली’ या बातमीने गावात फक्त उत्सुकता उरली नाही.

गावाला आधी विचारले का, हा प्रश्न कायद्याच्या रचनेतूनच निर्माण होतो. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तीत पवनऊर्जा नाही. त्यामुळे खाण किंवा औष्णिक केंद्रासाठी होते तशी जनसुनावणी पवनचक्कीसाठी बंधनकारक नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कमीत कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांची ‘पांढरी’ श्रेणी केली, तीतही पवनऊर्जा बसली. धुराच्या हिशेबाने हे योग्यच आहे. पण धूर नाही म्हणजे शेजाऱ्याला त्रास नाही, असे गृहीत धरले गेले. त्याच वर्षी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार आवाजाचा त्रास टाळण्यासाठी कोणत्याही राहत्या घरापासून पंखा किमान ५०० मीटर दूर हवा. साताऱ्यातले बहुतेक पंखे त्यापूर्वीचे. आणि राहते घर म्हणजे काय? गावठाणातले घर निर्विवाद; पण शेतवस्ती, धनगरवाडा, मराठवाड्यातला आखाडा (शेतातले राहते खोपट) यांची ग्रामपंचायतीच्या दफ्तरी नोंद नसली तर अंतर मोजण्यापासूनच वाद सुरू होतो.

‘पवनचक्क्यांनी ढग पळवले’ ही तक्रार सातारा, सांगली, धुळे सगळीकडे ऐकू येते आणि दुष्काळाच्या वर्षी तिला जोर चढतो. तिच्यात तथ्य नाही. जुन्या पंख्यांचे मनोरे ५० ते ७५ मीटर उंचीचे, नवे १२० मीटरच्या वर. पाऊस देणारे ढग मात्र कित्येक किलोमीटर जाडीचे असतात. जुलैत वनकुसवड्याला गेले की ढग पंख्यांच्या मनोऱ्यांना वेढून बसलेले दिसतात आणि पाऊस धो धो कोसळत असतो. माणदेशात पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे. १९७२ च्या दुष्काळात तिथे एकही पवनचक्की नव्हती. मग हा समज आला कुठून? पंखे बसतात ते नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात वाहतो अशा माथ्यांवर. त्यांपैकी अनेक माथे पर्जन्यछायेच्या कडेला आहेत, जिथे ढग डोक्यावरून पळताना दिसतात आणि पडत नाहीत. फिरणारी पाती आणि पळणारे ढग एकाच वेळी नजरेस पडले की डोके हिशेब जुळवणारच. यंत्रांच्या मागे हवा घुसळली जाते आणि रात्री जमिनीलगतचे तापमान किंचित वाढते, एवढे मोजमापांत आढळले आहे. त्याने पावसाचे गणित बदलत नाही. तरी या समजाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणारे अधिकारी एक गोष्ट विसरतात. गावाला कोणी काहीच समजावून सांगितले नसेल, तर गाव स्वतःच कारण शोधते.

आवाजाची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. पात्याचे टोक ताशी २५० किलोमीटरच्या वर वेगाने हवा कापते. तीन पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतात, म्हणजे साधारण सेकंदाला एकदा ‘सूं’ असा ठोका. हा आवाज मोठा नसतो, पण थांबत नाही. निरभ्र रात्री जमिनीवर हवा पडलेली असते आणि वर मात्र वारा जोरात असतो. अशा वेळी पानही हलत नाही आणि पंखा स्पष्ट ऐकू येतो. भारताच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी पवनचक्कीच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादाही ४५ डेसिबल, मात्र ती दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून काढलेल्या भारित सरासरीची. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १,२०० हून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात आवाज आणि आजारपण किंवा झोप यांचा संबंध दिसला नाही. पण आवाज वाढतो तशी चिडचिड वाढते, हे दिसले. हे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावताना जपायला हवे. तिकडची घरे काचबंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माणसे अंगणात, ओट्यावर, गच्चीवर झोपतात. फिरत्या पात्यांची सावली घरात लुकलुकण्याचा त्रास सूर्य कलता असताना होतो. जर्मनीत त्यासाठी वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटे ही मर्यादा पाळली जाते.

घाटमाथ्यावर खरे नुकसान पंखा करत नाही, त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता करतो. लांबलचक पाती वाहून नेणाऱ्या ट्रेलरला रुंद आणि मंद वळणांचा रस्ता लागतो. तो डोंगर फोडूनच मिळतो. भीमाशंकर परिसरातील प्रकल्पाबाबत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात नेमके हेच टिपले: वृक्षतोड, कच्च्या बांधणीचे रस्ते, दरडी, शेतात आणि जलाशयांत वाहून येणारा राडारोडा, शिवाय पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या असलेल्या डोंगरावर गावकऱ्यांना अडवणूक. वहिवाटीची पाऊलवाट बंद होणे ही कोणत्याही मापकावर न नोंदली जाणारी तक्रार आहे, आणि गुराख्याला तीच पहिली जाणवते.

चाळकेवाडीच्या पठारावर माणसांखेरीज एका शेजाऱ्याचीही पाहणी झाली. इथे आढळणाऱ्या, गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्याच्या प्रजातीला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव मिळाले, आणि त्यातले ‘सरडा’ हे प्रजातिसमूहाचे नाव थेट मराठीतून घेतले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी, त्यामुळे सरडे संख्येने जास्त; पण अंगाने बारीक, नरांचे रंग फिके आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे.

यंत्राचे आयुष्य २० ते २५ वर्षे धरले जाते, म्हणजे सड्यावरच्या पहिल्या पिढीची मुदत भरली आहे. जुनी छोटी यंत्रे उतरवून तिथे मोठी बसवण्याचे केंद्राचे धोरण प्रथम २०१६ मध्ये आणि सुधारून २०२३ मध्ये आले. मोठे यंत्र म्हणजे संख्या कमी, मनोरा उंच, पाते लांब आणि रस्ता पुन्हा रुंद. सड्यावर काही मनोरे नुसतेच उभे आहेत. ते उतरवून नेणार कोण, पायातले काँक्रीट उकरणार का, आणि ती जागा पुन्हा चराईला मिळणार का, हे प्रश्न जुन्या खरेदीखतांत कोणी लिहिलेले नव्हते.