पार्श्वभूमी : उदाहरणात न लिहिलेला ‘डेटा’

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर मोजलेल्या ४० बांगड्यांची लांबी आणि वजन घेऊन आमच्याकडची मुलं ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत पहिलं रिग्रेशन चालवतात, म्हणजे लांबीवरून वजनाचा अंदाज देणारी रेषा बसवतात. माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे दोन्हींचा लॉग घेतला की सरळ रेषा बसते. इथवर सगळं सुरळीत चालतं. मग १८, २० आणि २२ सेंटिमीटरच्या बांगड्याचं वजन काढायला सांगितलं की दरवेळी दोघातिघांच्या पडद्यावर तीनऐवजी चाळीस आकडे येतात. ही चूक मुलांची असते, पण तिचं मूळ बरंच जुनं आहे. ‘आर’मधल्या प्रत्येक फंक्शनचं, म्हणजे तयार आज्ञेचं, एक हेल्प पेज असतं. त्यावर जे उदाहरण असतं, तेच मुलं उचलतात.

‘आर’ची आई म्हणजे ‘एस’ ही आधीची भाषा. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तिची सुरुवात झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष मात्र १९९२. टिल्ड (~) चिन्हाचा फॉर्म्युला (डावीकडे ज्याचा अंदाज करायचा ते, उजवीकडे ज्यावरून करायचा ते), डेटा फ्रेम म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, आणि ‘एलएम’, ‘जीएलएम’ ही रिग्रेशनची फंक्शनं तेव्हा एकत्र पुढे आली. न्यूझीलंडमधल्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेल्या ‘आर’ने हा सगळा संसार उचलला आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० आवृत्ती निघाली.

‘एलएम’च्या हेल्प पेजवरचं उदाहरण आजही त्याच वळणाचं आहे. रोपांच्या वजनाचे १० आकडे एका सदिशात (आकड्यांच्या यादीत), १० दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून ‘वेट’, आणि कोणतं रोप कोणत्या गटातलं हे सांगणारा ‘ग्रुप’ नावाचा फॅक्टर. मॉडेलला नाव दिलंय ‘एलएम.डी९’. डी हे पाठ्यपुस्तकाच्या लेखिकेच्या आडनावाचं आद्याक्षर आणि ९ हा पान क्रमांक. ‘जीएलएम’च्या पानावर तसंच ‘डी९३’ आहे. नवशिक्याला हे कळायला मार्ग नाही. त्यात ‘आर’मध्ये नावातला टिंब मेथडसाठीही (फंक्शनचं एका ठरावीक प्रकारच्या वस्तूसाठीचं रूप) वापरतात, त्यामुळे गोंधळात भर पडते. पण ही किरकोळ गोष्ट. खरा मुद्दा असा, की त्या ओळीत `एलएम(वेट ~ ग्रुप)` एवढंच आहे. चलं कोणत्या फ्रेममधून घ्यायची हे फंक्शनला सांगणारा ‘डेटा’ हा आर्ग्युमेंट लिहिलेलाच नाही.

‘डेटा’ ऐच्छिक ठेवण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे. फॉर्म्युल्यातली नावं आधी ‘डेटा’मध्ये शोधली जातात. तिथे नाही सापडली, तर फॉर्म्युला ज्या एन्व्हायरनमेंटमध्ये (नावं साठवण्याच्या जागेत) जन्मला तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वर्कस्पेसमध्ये, वापरणाऱ्याने स्वतः तयार केलेल्या वस्तू असतात तिथे. कीबोर्डसमोर बसून चार आकडे चाचपणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. त्या उदाहरणात चुकीचंही काही नाही, कारण चलं खरोखरच वर्कस्पेसमध्ये आहेत.

पण आमच्या मुलाची चलं ‘बांगडा’ नावाच्या डेटा फ्रेममध्ये असतात. उदाहरणात ‘डेटा’ दिसला नाही, म्हणून तो `एलएम(बांगडा$वजन ~ बांगडा$लांबी)` लिहितो; `$` म्हणजे त्या फ्रेममधला तो स्तंभ. गुणांक अगदी बरोबर येतात, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. पुढे अंदाज काढणाऱ्या ‘प्रेडिक्ट’ला तीन ओळींची नवी फ्रेम दिली की फंक्शन तिच्यात ‘बांगडा’ शोधतं, ते मिळत नाही, आणि मग वर्कस्पेसमधला जुना ‘बांगडा’ उचलतं. उत्तरं येतात जुन्याच ४० माशांची. सोबत इशारा येतो, की नव्या डेटात ३ ओळी होत्या आणि सापडलेल्या चलांत ४० आहेत. हा फक्त इशारा आहे, एरर नाही. काम थांबत नाही. आणि नव्या फ्रेममध्येही नेमक्या ४० ओळी असल्या, तर इशारासुद्धा येत नाही. मला सर्वात जास्त धास्ती याचीच वाटते.

दुसरी पळवाट ‘अटॅच’ची. फ्रेमचं नाव न लिहिता तिच्यातली चलं वापरता यावीत म्हणून ते फंक्शन आहे. जुन्या नोट्समध्ये ती पानोपानी आहे. ‘अटॅच’ फ्रेमची प्रत जोडतं, त्यामुळे नंतर मूळ फ्रेममध्ये केलेली दुरुस्ती मॉडेलपर्यंत पोचत नाही. वर्कस्पेसमध्ये त्याच नावाचं चल आधीपासून असेल तर तेच आधी सापडतं. ‘अटॅच’चं स्वतःचं हेल्प पेजही याबद्दल सावध करतं.

जुनं उदाहरण न बदलण्याच्या बाजूने बोलणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. उदाहरण छोटं हवं, आकडे डोळ्यांसमोर हवेत. शिवाय मूळ पॅकेजांच्या उदाहरणांचं आउटपुट जपून ठेवलेलं असतं आणि नव्या आवृत्तीचं आउटपुट त्याच्याशी ताडून पाहतात. म्हणजे उदाहरण ही चाचणीसुद्धा असते. तरीही रोपांचे हेच २० आकडे ‘प्लांटग्रोथ’ या ३० ओळींच्या तयार डेटा फ्रेममध्ये ‘आर’सोबतच येतात. तिथून घेतले असते तर ‘डेटा’ आपोआप लिहिला गेला असता. माझं मत उघड आहे : शिकणाऱ्याची नजर पहिली जिथे पडते, तिथे तो शब्द हवाच. त्याच उदाहरणात आलेख काढण्याआधी जुनी मांडणी जपून शेवटी ती परत ठेवलेली आहे. इतकी काळजी घेणाऱ्यांना हेही जमण्यासारखं होतं.

शैलीचे बाकीचे वाद आता बरेच निवळलेत. ‘ट्रू’ (खरं) आणि ‘फॉल्स’ (खोटं) यांच्या जागी लिहिली जाणारी ‘टी’ आणि ‘एफ’ ही साधी चलं आहेत, कुणीही त्यांची किंमत बदलू शकतो, म्हणून ‘ट्रू’, ‘फॉल्स’ पूर्ण लिहायचं. किंमत देण्यासाठी `=` २००१ पासून चालतं, हेल्प पेजं मात्र `<-` धरूनच आहेत.

‘डेटा’ला नवं बळ मिळालं ते पाइपमुळे, म्हणजे एक वस्तू पुढच्या फंक्शनकडे सरकवणाऱ्या चिन्हामुळे. २०२१ मध्ये ४.१.० आवृत्तीत `|>` आलं. ते डावीकडची वस्तू पहिल्या आर्ग्युमेंटच्या जागी ठेवतं, पण ‘एलएम’मध्ये ती जागा फॉर्म्युल्याची. अडचण झाली. २०२२ च्या ४.२.० मध्ये `_` ही जागाखूण आली, आणि ती वापरताना आर्ग्युमेंटचं नाव लिहिणं सक्तीचं केलं गेलं. गंमत अशी, की एके काळी हेच `_` किंमत देण्यासाठी वापरत. आता आमची मुलं लिहितात : `बांगडा |> एलएम(लॉग(वजन) ~ लॉग(लांबी), डेटा = _)`. मग ‘प्रेडिक्ट’ चालवलं की त्यांच्या पडद्यावर तीन माशांचे तीनच आकडे येतात, लॉगमध्ये. ग्रॅममध्ये आणायचं काम मग वेगळं करावं लागतं.