इंजिन कंट्रोल सिस्टिममधल्या बिघाडांचं निदान

सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इंजेक्टर-कॉइल (पेट्रोल फवारणारे आणि ठिणगी देणारे भाग) आणि या सगळ्यांना जोडणारं वायरिंग, यातला दोष नेमका कुठे आहे ते हुडकून काढायची पद्धत. चेक इंजिनचा दिवा सगळ्यांनी पाहिलेला असतोच, त्यामुळे त्याचं वर्णन इथे करत नाही.

अशा निदानाची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण फोक्सवॅगनपासून धरतात, कारण १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या टाईप ३ गाड्यांत बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन आलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीटलच्या इंजिनापाशी डायग्नोसिस सॉकेटही बसवलं गेलं. पण डी-जेट्रॉनिकचं युनिट ॲनालॉग, त्याला दोष लक्षात ठेवता यायचा नाही, आणि ते सॉकेट म्हणजे बाहेरच्या यंत्राला मोजमापासाठी काढून दिलेल्या वायरी. त्यामुळे साधारण १९८०-८१ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांपासून धरणं जास्त पटतं, तिथे सॉकेटच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडल्या की दिवा लुकलुकायचा आणि ते लुकलुकणं मोजून कोड, म्हणजे दोषाचा ठरलेला क्रमांक, काढायचा. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून ओबीडी (गाडीतच बसवलेली दोष ओळखणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२. भारतात बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं, पण बीएस-४ सुरुवातीला मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरतंच होतं, देशभर आलं ते एप्रिल २०१७ ला. म्हणून कोकणातल्या जुन्या गाडीला ओबीडी-२ सारखं सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी साधा स्कॅनर (कोड वाचायचं यंत्र) त्यावर चालेलच असं नाही.

कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटमध्ये किंवा मिश्रणात काय बिनसलंय एवढंच सांगतो, आणि इथेच लोकांचे पैसे जातात. पी०१७१ आला म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, त्याला ऑक्सिजन सेन्सर बदलून काय होणार? त्याआधी फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते, बघायची. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर बहुतेक इंजिन कुठल्या तरी गळतीतून हवा ओढतंय, उलट लोड वाढला की ट्रिम वर जात असेल तर पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे संशय जातो. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकाच वेळी मेले असं सहसा नसतं, त्यांची ५ व्होल्टची लाईन सामायिक असते आणि एक सेन्सर शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलायला लागतात.

किनारपट्टीवर, म्हणजे दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत, पहिला संशय कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि अर्थिंगवर (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) घ्यावा. खारी हवा, चार महिने पाऊस, शिवाय दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीवर उडणारं खारं पाणी, यामुळे पिनांवर हिरवट थर चढतो आणि रेझिस्टन्स वाढतो. नुसत्या ओहममीटरवर हे नेहमी सापडत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात व्होल्टेज मोजावं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. दोष येतो-जातो असा असेल तर इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून बघतात, गावठी वाटलं तरी उपयोगी आहे. चाकरमान्यांच्या गाड्या गावच्या घरी महिनोन् महिने उभ्या असतात, मग बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात आणि गणपतीत किल्ली फिरवली की स्कॅनरवर यू ने सुरू होणाऱ्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांमधला संपर्क तुटल्याच्या, कोडांची रांग लागते. आधी बॅटरी नीट चार्ज करायची, कोड उडवायचे, परत कोणते येतात ते बघायचं. तरीही यू कोड आलेच तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम मोजावेत. कॅन लाईन (हे संगणक एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी) तिथे थेट आलेली असेल तर साधारण ६० यायला हवेत, १२० आले तर एकीकडचा टर्मिनेटर (लाईनच्या टोकाचा रेझिस्टर) किंवा त्याची वायर तुटलेली.

पुरात बुडालेल्या गाडीला, जशा चिपळूणला जुलै २०२१ मध्ये बुडाल्या, यातलं काहीच करून बघू नये. आधी बॅटरी काढावी, ईसीयू उघडून सुकवल्याशिवाय इग्निशन ऑन करू नये.