साखर विकावी, पालाश शेतात परत यावा

साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. एवढंच. त्यात नत्र (नायट्रोजन) नाही, स्फुरद (फॉस्फरस) नाही, पालाश (पोटॅश) नाही, गंधक नाही. कार्बन पानांनी हवेतून घेतलेला असतो आणि हायड्रोजन पाण्यातून आलेला. त्यांना जोडणारी ऊर्जा उन्हाची. म्हणजे साखरेचं पोतं कारखान्याच्या गोदामातून निघतं, तेव्हा उसाने जमिनीतून उचललेलं एकही अन्नद्रव्य त्याच्याबरोबर जात नाही.

अन्नप्रक्रियेच्या फार थोड्या उद्योगांना ही सवलत मिळाली आहे. तूरडाळीतली प्रथिनं म्हणजे नत्र. डाळ विकली की तो नत्र गावाबाहेर गेला. दुधाबरोबर कॅल्शियम आणि स्फुरद जातो. साखर मात्र निव्वळ हवा, पाणी आणि ऊन विकते. इथेनॉल, बायोगॅसमधला मिथेन आणि वीज यांनाही हेच लागू होतं. साखर कारखान्याचा हा सगळा विक्रीचा माल जमिनीच्या दृष्टीने जवळपास फुकटचा आहे. तरीही ऊस घेऊन घेऊन जमिनी थकतात आणि पोटॅशची गोणी परदेशातून आणावी लागते. मग शेतातून निघालेली अन्नद्रव्यं जातात कुठे?

चक्रीय अर्थव्यवस्थेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा टाकाऊतून किती पैसे निघाले एवढंच मोजतो. पैसे निघावेतच. पण साखर कारखान्याचं चक्र खरोखर पूर्ण झालं का, हे शेतातून आलेल्यातलं किती शेतात परत गेलं यावरून ठरवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आधी हिशेब पाहू. कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत घेणाऱ्या पट्ट्यावर, १०० किलो ऊस पडला की साधारण १० ते ११ किलो साखर, २८ ते ३० किलो बगॅस, चार-साडेचार किलो मोलॅसिस (मळी) आणि तीन-चार किलो प्रेसमड (रस गाळताना खाली बसलेला गाळ) निघतो. बाकीचं मुख्यतः पाणी. या चार वाटांपैकी साखरेची वाट आपण पाहिली. जमिनीतलं जे काही उसातून आलं, ते उरलेल्या तीन वाटांनी विभागून जातं.

बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेला भुस्सा. त्याच्या वजनाचा अर्धा भाग पाणी असतं, तरी तो जळतो आणि कारखान्याची वाफ त्याच्यावरच निघते. एके काळी बगॅस उरणं हीच कटकट होती. तो हलका, जागा खाणारा आणि आग लागण्याची भीती असलेला. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचे जुने बॉयलर बगॅस जाळून संपवण्याच्या बेतानेच चालत. त्यांची कार्यक्षमता वाढवण्यात कोणाला रस नव्हता. पुढे वीज विकत घेणारा मिळाला आणि गणित उलटलं. वाफ जितक्या जास्त दाबाची, तितकी ती टर्बाइनमधून जाताना जास्त काम करते. आता ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर बसतात आणि त्याच भुश्शातून कारखाना चालून शिवाय वीज ग्रिडला जाते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटवला जातो.

हा रस आटवण्याचा भाग मला सगळ्या कारखान्यात सर्वांत देखणा वाटतो. पहिल्या भांड्यात वाफेने रस उकळतो. त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथला रस कमी तापमानालाच उकळतो आणि आधीच्या भांड्यातली ‘वापरलेली’ वाफ त्याला पुरते. अशा रीतीने एक किलो वाफेत एका किलोऐवजी जवळपास चार किलो पाणी उडवता येतं. ही रचना नॉर्बर्ट रिलिए या अभियंत्याची. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा हा कृष्णवर्णीय वंशाचा माणूस. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या त्या काळात, १८४३ साली, त्याने तिचं पेटंट घेतलं. नवे शब्द बाजूला ठेवले तर आजच्या ‘ऊर्जेच्या पुनर्वापरा’मागे हीच कल्पना आहे.

पाण्याचंही तसंच. उसाच्या वजनात ७० टक्के पाणी असतं. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबरच ३५ लाख लिटर पाणी दररोज आत येतं. काही भुश्शात राहतं, बरंचसं रस आटताना वाफ होऊन पुन्हा द्रवरूप होतं. ते थंड करून, शुद्ध करून वापरलं तर हंगामात नदीतून किंवा कालव्यातून उचलायचं पाणी अगदी थोडं राहतं. तंत्र उपलब्ध आहे. ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी ते बसवलंही आहे.

आता प्रेसमड. रसात चुना घालून गाळ खाली बसवतात, तेव्हा रसातला बराचसा स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन त्या गाळात उतरतो. प्रथिनांतला नत्र, उसावरचं मेण, मातीचे कण हेही त्यातच. शेतकऱ्याला त्याची किंमत ठाऊक आहे. हंगामात प्रेसमडसाठी ट्रॉल्यांची रांग लागते. पण उघड्यावर ढीग मारून ठेवला तर तो आतून तापतो, कुजतो आणि पोटातल्या हवा नसलेल्या भागातून मिथेन सुटत राहतो. हाच मिथेन बंद टाकीत पकडता येतो. केंद्र सरकारने २०१८ साली बायोगॅसपासून वाहनांचं इंधन करण्याची ‘सतत’ योजना आणली, तेव्हापासून साखर कारखान्यांकडे या गॅसचा कच्चा माल म्हणून पाहिलं जाऊ लागलं. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन दाबाखालचा बायोगॅस मिळतो, आणि त्यावर वाहन चालतं.

काही शेतकरी विचारतात, गॅस काढून घेतल्यावर खतात काय राम राहिला? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर रसायनशास्त्रात आहे. मिथेन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. गॅसबरोबर सेंद्रिय पदार्थाचा काही भाग जातो हे खरं, म्हणून जमिनीचा कर्ब वाढवण्याची त्याची ताकद थोडी कमी होते. पण स्फुरद, पालाश आणि नीट सांभाळला तर नत्रही टाकीतून निघणाऱ्या स्लरीत तसाच राहतो. अट एकच: ती स्लरी शेतात पोचली पाहिजे.

सगळ्यात मोठी गोष्ट मोलॅसिसची आहे. उसातल्या पालाशचा मोठा वाटा स्फटिकात जात नाही, गाळातही बसत नाही. तो रसाबरोबर फिरत राहतो आणि शेवटी मोलॅसिसमध्ये साठतो. मोलॅसिस डिस्टिलरीत जातं. तिथे यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार करतं आणि पालाशला हात लावत नाही. अल्कोहोल वाफेने उडवून वेगळं केल्यावर खाली उरतो तो स्पेंट वॉश. पारंपरिक पद्धतीत एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर निघणारं, गडद तपकिरी, आम्लधर्मी, उग्र वासाचं पाणी. त्याचा रंग मेलॅनॉइडिन नावाच्या संयुगांचा. भाकरी तव्यावर खरपूस होताना जो तपकिरी रंग येतो, त्याच कुळातले हे रेणू, आणि जिवाणूंना ते सहज पचत नाहीत.

हे पाणी ओढ्यात सोडलं की काय होतं ते नदीकाठच्या गावांनी पाहिलं आहे. पाण्यातली घाण रासायनिक रीतीने पूर्ण मोडायला किती ऑक्सिजन लागेल याचं एक माप असतं. घरगुती सांडपाण्यात ते लिटरला काहीशे मिलिग्रॅम भरतं. स्पेंट वॉशमध्ये एक लाखाच्या आसपास जातं. नदीतला विरघळलेला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि मासे पांढरे पोट वर करून तरंगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिस्टिलऱ्यांवर बाहेर थेंबही न सोडण्याचं बंधन घातलं ते यामुळे.

माझ्या मते या सक्तीने उद्योगावर उपकारच केले. थेंब बाहेर सोडायचा नाही म्हटल्यावर कारखान्यांना स्पेंट वॉशकडे नीट पाहावं लागलं. कोणी त्यातून आधी बायोगॅस काढला. कोणी प्रेसमडच्या लांब ढिगांवर तो फवारून, यंत्राने ढीग उलटेपालटे करून दीड-दोन महिन्यांत कंपोस्ट केलं. आता मोठ्या डिस्टिलऱ्या तो आटवून दाट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. सेंद्रिय भाग वाफ देऊन जातो आणि राख उरते. ती राख म्हणजे उसाने शेतातून उचललेला पालाश. तिच्यापासून केलेल्या, १४.५ टक्के पालाश असलेल्या खताला केंद्र सरकारने २०२१ साली अन्नद्रव्य आधारित अनुदानाच्या यादीत जागा दिली. भारत म्युरिएट ऑफ पोटॅश हे पालाशचं मुख्य खत जवळजवळ पूर्णपणे आयात करतो. ज्या गोष्टीसाठी आपण कॅनडा, रशिया, जॉर्डनकडे पाहतो, तिचा एक हिस्सा आपल्याच नद्यांत वाहून जात होता.

इथे इथेनॉलविषयी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना नवी नाही. १९४८ सालीच त्याचा कायदा झाला होता. साखर जितकी काढता येईल तितकी काढून उरलेल्या सी-हेवी मोलॅसिसपासून इथेनॉल करणं म्हणजे उरलेल्याचा उपयोग. बी-हेवीमध्ये थोडी साखर मुद्दाम सोडली जाते. पण थेंबही साखर न काढता थेट रसापासून इथेनॉल केलं, तर तो उरलेल्याचा उपयोग राहत नाही. ते इंधनाचं पीक झालं. बाजाराच्या दृष्टीने ते योग्य असू शकतं, पण त्यावर चक्रीयतेचं लेबल लावू नये. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचं उत्पादन घटण्याच्या भीतीने सरकारने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध घातले, तेव्हा हा फरक कारखानदारांना चांगलाच जाणवला.

कारखान्याच्या कुंपणाआधीची एक गळती मात्र आजही डोळ्यांसमोर चालू आहे. तोडणी झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, शेतात पडतं. शेंड्याकडचे हिरवे वाढे जनावरांना जातात. वाळलेल्या पाचटाला काडी लावली जाते. नत्र आणि गंधक धूर होऊन जातात, मातीवरचं आच्छादन जातं. पाचट लवकर कुजत नाही हे खरं, कारण त्यात कार्बन भरपूर आणि नत्र फार कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर वाढवायला नत्र लागतो आणि तो तिथे मिळत नाही. म्हणूनच खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकून पाचट सरीत कुजवण्याची शिफारस आहे. अलीकडे पाचटाच्या गाठी बांधून बॉयलरला नेण्याची टूम निघाली आहे. जाळण्यापेक्षा बरं, पण माझं मत शेताच्या बाजूने आहे. बॉयलरला दुसरं इंधन मिळेल, त्या सरीला दुसरं आच्छादन मिळणार नाही.

तरी एक अवघड प्रश्न उरतो, वाटपाचा. ऊस हजारो शेतांतून येतो आणि अन्नद्रव्यं एका जागी साठतात. ओला प्रेसमड लांब नेणं परवडत नाही, मग तो कारखान्याच्या भोवतालच्याच शेतांत पुन्हा पुन्हा पडतो. स्पेंट वॉशचंही तेच झालं. जवळच्या जमिनीत क्षार वाढले आणि ४० किलोमीटरवरचा सभासद पोटॅशची गोणी विकत घेत राहिला. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड आधीच डोकेदुखी झाली आहे. शिरोळ तालुक्यात भूमिगत निचरा करून जमिनी परत मिळवाव्या लागल्या. चुकीच्या शेतात परत गेलेलं अन्नद्रव्य तिथे प्रदूषण ठरतं.

त्यामुळे सुकवलेलं, दाणेदार, गोणीत भरता येणारं खत महत्त्वाचं. आणि वाहतूक? हंगामभर उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यावर येतात आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या परत जातात, नेमक्या त्याच शिवारांकडे. डिसेंबर ते फेब्रुवारी ‘सुरू’ म्हणतात त्या हंगामाच्या उसाची लागण असते, खोडवाही फुटत असतो. खत लागण्याची वेळ तीच. सहकारी कारखान्याकडे प्रत्येक सभासदाच्या ऊसनोंदीचा तपशील असतो, कोणत्या गटातून किती टन आला तेही. त्याच नोंदीवर परतीचं खत ठरवता येईल.

आकडा किती मोठा आहे पाहा. पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश अशी शिफारस आहे, सुरूला पालाश ११५ किलो. १०० टनांचं पीक मात्र हेक्टरी दोनशे किलोंहून जास्त पालाश उचलतं. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळात भरपूर, म्हणून ही तूट वर्षानुवर्षं दिसत नाही. कारखान्यात येणाऱ्या उसात टनाला फक्त एक किलो पालाश धरला, तरी १० लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात एका हंगामात १,००० टन पालाश येतो. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या ३३ हजारांहून जास्त गोण्या झाल्या.

प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून कारखान्यांच्या वार्षिक अहवालात गाळप, साखर उतारा आणि पोत्यांची संख्या छापली जाते. पुढे विजेची युनिटं आली, इथेनॉलचे लिटर आले. त्याच पानावर आणखी दोन रकाने हवेत: हंगामात उसाबरोबर किती स्फुरद आणि पालाश आला, आणि त्यातला किती सभासदांच्या शेतात परत गेला. रसाचं, प्रेसमडचं, राखेचं पृथक्करण प्रयोगशाळेत होतंच. येत्या सर्वसाधारण सभेत उसाच्या दराबरोबर एखाद्या सभासदाने या दोन रकान्यांचीही मागणी करावी.