वर्षअखेरीला उरलेला पैसा कुणाचा?

"आम्हाला संस्था काढायची आहे," असं म्हणत मंडळी आमच्या ऑफिसात येतात. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खर्च भागवून चार पैसे उरले, तर ते कुणाचे? 'सामाजिक उद्योग', म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवलेला व्यवसाय, अशी वेगळी नोंदणी आपल्या कायद्यात नाही. आमच्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच तुमच्या संस्थेचा प्रकार ठरतो.

उरलेला पैसा कामातच घालायचा असेल, तर ट्रस्ट, सोसायटी (संस्था नोंदणी कायद्याखालची, घरांची नव्हे) किंवा कलम 8 कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली समाजकार्यासाठी नोंदलेली कंपनी. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, कलम 8 ची प्रायव्हेट कंपनी दोघांतही होते. या कंपनीला नफा कमावता येतो, लाभांश वाटता येत नाही. कामावर ठेवलेल्या माणसांना पगार देता येतो, हे मुद्दाम सांगतो, कारण सेवा म्हणजे सगळं फुकट अशी अनेकांची समजूत असते. मदुराईचं अरविंद नेत्रालय 1976 साली 11 खाटांवर सुरू झालं ते ट्रस्ट म्हणूनच. ऐपत असलेल्या रुग्णांच्या फीमधून तिथे गरिबांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात. देणगीदारांना करसवलत द्यायची असेल, तर प्राप्तिकर खात्याची मान्यता वेगळी काढावी लागते.

पैसा राबणाऱ्यांच्याच हाती जायला हवा असेल, तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी. नाचणीची बिस्किटं करणारा एक गट दहा आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन आला होता. त्यांत दोन नावं नवरा-बायकोची निघाली. सहकार कायद्याला दहाही जण वेगवेगळ्या कुटुंबांतले लागतात. शेजारच्या काकू तयार झाल्या, तेव्हा कुठे फाइल पुढे सरकली.

उत्पादक कंपनीची सोय 2002 च्या कायदादुरुस्तीने आली. किमान दहा उत्पादक, पाच संचालक. सभासद स्वतः पिकवणारे किंवा बनवणारे हवेत, नुसता पैसे गुंतवणारा चालत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी याच प्रकारची. शेअर कितीही असोत, व्यक्तीला मत एकच. आम्हाला ही अट फार मोलाची वाटते.

साधी प्रायव्हेट लिमिटेड काढूनही चांगलं काम करता येतं. मात्र तिथे नफा भागधारकांचा, हे आधीच मान्य करा.

येताना सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं, जागेचं वीजबिल, शेतकरी असाल तर सातबारा आणा. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरी सगळ्यांनी मिळून ठरवून या.