फुफ्फुसाच्या गाठीतली एन्झाइमं: कोणती तपासणी करावी, कोणती नाही

बायोप्सीचा ब्लॉक (गाठीतून काढून मेणात बसवलेला तुकडा) आमच्या लॅबच्या काउंटरवर ठेवता ठेवता अनेक नातेवाईक म्हणतात, "गाठीतल्या एन्झाइमवरून पेशंट किती जगेल ते कळतं म्हणे. तीही टेस्ट करून टाका." आम्ही बहुतेक वेळा नको म्हणतो. का, ते इथे लिहिलं आहे.

कल्पना खोटी नाही. गाठीतली काही एन्झाइमं आजूबाजूची ऊती विरघळवून कॅन्सरला पसरायला वाट करून देतात, त्यामुळे त्यांच्या जोराचा आणि आयुष्याचा संबंध असू शकतो. पण हा जोर मोजायला साधारणपणे ताजा, लगेच गोठवलेला तुकडा लागतो. तुमचा ब्लॉक फॉर्मॅलिनमधून काढून मेणात बसवलेला असतो. अँटिबॉडीने रंगवून एन्झाइम आहे का, एवढंच त्यात दिसतं. गिरणी बंद असताना दळण किती निघतं, हे सांगता येत नाही.

ईआरसीसी१चं उदाहरण बघा. हे प्रथिन आपल्या जोडीदारासोबत डीएनएचा बिघडलेला भाग कापून काढतं. केमोतलं सिस्प्लॅटिन हे औषध नेमका डीएनएच बिघडवतं, म्हणजे ही दुरुस्ती औषधाच्या आड येऊ शकते. ऑपरेशन झालेल्या ७६१ पेशंटच्या गाठी तपासलेला अभ्यास २००६ मध्ये आला, त्यात हे प्रथिन नसलेल्यांना केमोचा फायदा दिसला. केमो न घेतलेल्यांमध्ये मात्र ते असलेलेच जास्त जगले. म्हणजे एकच खूण एकीकडे चांगली, एकीकडे वाईट! पुढे २०१३ मध्ये त्याच गटातल्या संशोधकांना तो निकाल पुन्हा मिळाला नाही. या प्रथिनाचे चार प्रकार असतात, त्यांतला एकच दुरुस्तीचं काम करतो आणि बाजारातल्या अँटिबॉडीजना तो वेगळा ओळखता येत नव्हता. म्हणून ही टेस्ट आम्ही करत नाही, कोणी आग्रह केला तरी.

ईजीएफआर आणि एएलके मात्र जरूर करा, विशेषतः ॲडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर. हीसुद्धा एन्झाइमंच. जनुकात बदल झाला की ती सतत चालू राहतात, आणि त्यांना अडवणाऱ्या गोळ्या मिळतात. या रिपोर्टवर औषध ठरतं, म्हणून पैसे इथे खर्च करा.

रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढलेलं असेल तर डॉक्टर लक्ष देतात, पण ते लिव्हरच्या आजारातही वाढतं. रक्ताचा नमुना डिकीत टाकून पुण्याच्या खड्ड्यांतून आणलात, तर लाल पेशी फुटूनही आकडा चढतो. नमुना शक्यतो आमच्याकडेच द्या.

किती दिवस, हा प्रश्न ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. स्टेज, पेशंटची ताकद आणि उपचाराला मिळणारा प्रतिसाद हे सगळं एकत्र बघूनच ते अंदाज देतात. आमच्या एका आकड्यावरून तो निघत नाही.

येताना मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ब्लॉक दोन्ही आणा. नुसत्या स्लाइड चालतीलच असं नाही. साताऱ्याहून, नगरहून येणाऱ्यांनी ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, मेण मऊ होतं. काम झाल्यावर उरलेला ब्लॉक आठवणीने परत न्या. पुढे औषध बदलायची वेळ आली तर तोच लागेल.