शेणकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या : दोन मित्रकीटकांची पार्श्वभूमी

शेणकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या यांना मित्रकीटक म्हणून एकाच यादीत घातले जाते. परंतु दोघांना मुद्दाम परदेशातून आणून शेतजमिनीवर सोडले गेले, तेव्हा घ्यावी लागलेली काळजी अगदी निराळी होती.

ऑस्ट्रेलियात १७८८ साली युरोपीय वसाहतीबरोबर गुरे आली. तेथील मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले असल्यामुळे गुरांचे ओले पो कुरणात महिनोन्‌महिने पडून राहत, त्यांखालचे गवत मरे आणि त्यांत माश्यांची पैदास होई. हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९६०च्या दशकात गुरांचे शेण जमिनीत गाडणारे बाहेरचे शेणकिडे आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. शेणाबरोबर गुरांचे रोग येण्याचा धोका मोठा होता, म्हणून किड्यांची केवळ अंडी निर्जंतुक करून आणली जात आणि हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवून वाढवली जात. या चिकाटीला तोड नाही. सोडलेल्या ४३ जातींपैकी २३ तेथे रुजल्या.

गांधीलमाशीच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो, कारण ती जिवंत कीटकावर वाढते. तिने नेमकी कीडच गाठावी, इतर कीटकांना हात लावू नये, हे आधी तपासावे लागते. कोइम्बतूर येथे २००८ साली आढळलेला पपईवरील पिठ्या ढेकूण पुढे महाराष्ट्रातही पसरला आणि फवारण्यांना दाद देईना, तेव्हा २०१० साली बंगळूरच्या शेतीशी संबंधित कीटकांवरील राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही इवलीशी गांधीलमाशी मागवली. मादी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते, ढेकूण कडक होऊन फुगतो आणि त्याच्या पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. सोडल्यानंतर काही महिन्यांतच बागा सावरू लागल्या.

शेणकिड्याचे काम उघड्या डोळ्यांना दिसते, गांधीलमाशीचे भिंगाखेरीज दिसत नाही, आणि म्हणूनच सरसकट फवारणीत तिचाच बळी आधी जातो. शेणकिड्यांवरचे संकट मात्र गोठ्यातून येते : जंतासाठी दिलेल्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो आणि त्यात वाढणाऱ्या अळ्या मरतात.